गवयाचे चरित्र म्हणजे इतिहास नव्हे काय?

१/ आपल्या इतिहासप्रेमी मंडळींत एक विचित्र सोवळे रूढ झाले आहे. तह, लढाया आणि सनावळी म्हणजे इतिहास. गायक आणि दूरचित्रवाणीचा सूत्रसंचालक म्हणजे निव्वळ करमणूक. हा भेद मुळातच खोटा आहे.

२/ संयुक्त महाराष्ट्राचा लढा अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या डफाविना सांगून पाहा. सांगता येणार नाही. मग शाहिराला जो मान, तो आजच्या गायकाला नाकारण्याचा निकष कोणता? केवळ काळाचे अंतर?

३/ अवधूत गुप्ते यांची कारकीर्द घ्या. २००२ चे ‘ऐका दाजिबा’: संगीत त्यांचे, स्वर वैशाली सामंत यांचा. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ सुरू झाली होती. मराठी खासगी वाहिन्यांची ही पहाट लक्षात न घेता त्या गीताच्या लोकप्रियतेचा अर्थ लावणे अपुरे ठरेल.

४/ पुढे २०१० चा ‘झेंडा’. पक्षफुटीत होरपळणारा सामान्य कार्यकर्ता त्याच्या केंद्रस्थानी होता. आक्षेप उठले, प्रदर्शन लांबले. चित्रपटावरील असा दबाव ही राजकीय इतिहासाची नोंद नव्हे, तर काय?

५/ ‘खुपते तिथे गुप्ते’मध्ये नेते आणि कलावंत प्रश्नांना सामोरे गेले. २०२३ च्या नव्या पर्वाचा आरंभ राज ठाकरे यांच्या मुलाखतीने झाला. उद्याचा अभ्यासक ही साधने वापरणारच. मात्र त्याने विसरू नये की पाहुणा स्वतःची प्रतिमा घडवत असतो आणि वाहिनी कात्री चालवत असते. बखर वाचताना जी सावधगिरी, तीच येथेही हवी.

६/ दोष चाहत्यांचाही आहे. जन्मतारीख, पुरस्कार, गाण्यांची यादी: ही चरित्रे नव्हेत, अभिनंदनपत्रे आहेत. वाद, बाजार आणि तंत्र वगळले की माणूस उरतो, काळ हरवतो.

७/ आता जासईकडे या. दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध येथे आणि पागोटे येथे झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे धोरण आले, ते या रक्ताच्या मोलाने.

८/ ज्यांची शेते आणि मिठागरे गेली, त्यांच्या हळदीत, पालखीत आणि सभेत कोण गात होते? कोणती गाणी बदलली, कोणती विझली? ज्या पिढीला हे ठाऊक आहे, ती आता वार्धक्यात आहे.

९/ म्हणून तरुण मित्रहो, गडकोटांची छायाचित्रे जरूर काढा; पण आपल्या गावच्या गवयासमोरही ध्वनिमुद्रक घेऊन बसा. नाव, साल, प्रसंग, वाद्ये, बिदागी: सारे लिहून घ्या. कागद जपणारे दप्तर सरकारपाशी असते. कंठ जपणारे दप्तर आपणच उभारायचे आहे.