लष्करातली विद्या छावणीत अडकत नाही

मा. संपादक,

लष्करी प्रोग्रामरची विद्या एकाच यंत्रापुरती असते आणि नागरी उद्योगात त्याला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत इतिहासाला धरून नाही. ग्रेस हॉपर 1944 मध्ये अमेरिकी नौदलात असताना हार्वर्डच्या मार्क-1 यंत्रावर काम करू लागल्या. कागदी पट्टीवर भोके पाडून त्याला सूचना द्याव्या लागत. 1949 मध्ये त्या खासगी कंपनीत गेल्या, तेव्हा ते यंत्र मागे राहिले. पण तपासलेल्या सूचना जपून पुन्हा वापरण्याची शिस्त सोबत गेली. त्या शिस्तीतूनच त्यांचा कंपायलर आला, पुढे फ्लो-मॅटिक भाषा, आणि तिच्या पायावर बँकांचे हिशेब सांभाळणारी कोबोल.

हॉपर अपवाद होत्या, असे कोणी म्हणेल. मग हवाई संरक्षणाची ‘सेज’ प्रणाली पाहा. तिथला सैनिक पडद्यावरच्या ठिपक्यावर प्रकाश-बंदूक रोखून विमान निवडत असे. त्याच प्रणालीवरील कामाच्या अनुभवावर आयबीएमने अमेरिकन एअरलाइन्ससाठी ‘सेबर’ ही आरक्षण प्रणाली उभारली. आकाशातले विमान असो की विमानातली रिकामी जागा, क्षणोक्षणी बदलणारी नोंद अचूक ठेवण्याचे कसब एकच. लष्करी गोपनीयतेमुळे नोकरी मागताना जुने काम दाखवता येत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय उमेदवाराला नाकारणे हा नव्हे. त्याच्यापुढे नवा प्रश्न ठेवावा आणि तो कसा सोडवतो ते पाहावे. पारख माणसाच्या विचाराची व्हावी, गणवेशाची नको.

– एक वाचक, पुणे