प्रिंटर ‘ऑफलाइन’, आणि आपण?

इंटर्नशिपचा पहिला आठवडा. प्रिंटर चालू, तरी स्क्रीनवर ‘ऑफलाइन’. आपण काय करतो? दहा वेळा प्रिंट देतो, मग थेट आयटीवाल्या दादांना फोन! जरा थांबा राव. रात्री लाइट जाऊन आली असेल, तर राउटरकडून प्रिंटरला नवा आयपी अ‍ॅड्रेस मिळालेला असू शकतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो. परीक्षेत ‘डीएचसीपी’वर टीप लिहिली होती ना, ती हीच! प्रिंटरच्या मेनूतला आयपी बघा, कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टमधल्या आयपीशी ताडून पाहा. वेगळा निघाला, तर दादांना तेवढंच सांगा आणि पत्ता कायमचा फिक्स करून घ्या. ‘चालत नाहीये’ असं तर कुणीही सांगेल. का चालत नाही, हे शोधायलाच आपण शिकतोय ना?