संथ पडदा, न उघडलेले अहवाल

२००५ साली ‘नेसस’ची मुक्त वाट बंद झाली आणि त्याच्याच जुन्या संहितेतून ‘ओपनव्हास’ हा सुरक्षा-त्रुटी शोधणारा स्कॅनर घडला. मर्यादित निधीच्या भारतीय संस्थांना तो परवडतो. मात्र त्याचे वेब-पान रेंगाळू लागले की नव्या सर्व्हरची मागणी पुढे येते, आणि मोजमाप कोणीच केलेले नसते. (प्रयोगशाळेत हे खपले नसते.)

पान ही केवळ दर्शनी खिडकी. वेळ बहुधा मागच्या पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जातो, जिथे वर्षानुवर्षांच्या अहवालांतील एकेक नोंद साचलेली असते. या डेटाबेसची सामायिक स्मृती मुळात सहसा १२८ एमबी असते. यंत्रात ६४ जीबी रॅम बसवली तरी ती आपोआप वाढत नाही. कधी नुसती नव्या फीडची नोंदणी चालू असते. तेव्हा थांबणे पुरते. एरवी जुने अहवाल काढून व्हॅक्यूम आणि अ‍ॅनालाइझ चालवावे.

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. पानच उघडत नसेल, तर घटनेआधी दिसलेली त्रुटीही अहवालातच पडून राहते. अहवाल पुसण्यापूर्वी त्यांची प्रत तेवढी बाजूला ठेवावी. लेखापरीक्षक नेमका जुनाच मागतो.