अस्मान दिसल्यावर पुढे काय?

दोस्तांनो, सिंदेवाहीच्या आठवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलंय. पत्र कसलं, फिर्यादच ती! दिवाळीच्या सुट्टीत नागपूरचा मामेभाऊ त्याच्याकडे आला. धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या, खळ्यावर तणसाचा हा एवढा ढीग. मग काय, जुंपली दोघांची. आपला दोस्त आखाड्यात घुमलेला गडी. त्यानं पहिल्याच झटक्यात मामेभावाला पाठीवर आडवं केलं आणि जिंकलो म्हणून उठायला गेला. पण खालच्या पठ्ठ्यानं त्याचा हात धरला, दोन्ही पाय छातीवरून टाकले आणि कोपर असं ताणलं की डोळ्यांत पाणी आलं. "थाप मार, सोडतो," मामेभाऊ म्हणत होता. यानं काही मारली नाही. शेवटी मोठ्या माणसांनी सोडवलं. कोपर आठ दिवस दुखत होतं. मामेभाऊ म्हणतो, ही ब्राझिलियन ज्युजित्सू आहे, मी जिंकलो. आमचा दोस्त विचारतो, "खाली थो पडला, न हरलो मी? हे कोणतं गणित? आन थाप मारणं म्हणजे भेकडपणा नाही का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की खेळ खलास. चितपट झालेल्याला वर आभाळच दिसणार, म्हणून तर आपण 'अस्मान दाखवलं' म्हणतो. ज्युजित्सूत मात्र अस्मान दिसलं तरी लढत चालूच राहते. पाडणाऱ्याला २ गुण मिळतात, बस्स. उताणा पडलेला गडी दोन्ही पायांनी वरच्याला अडवून धरतो, त्याला 'गार्ड' म्हणतात. वरच्यानं ते पाय ओलांडून पकड बसवली तर त्याला ३ गुण. छातीवर बैठक मारली किंवा पाठीवर स्वार होऊन पाय अडकवले तर ४. खालच्यानं गार्डमधूनच वरच्याला उलथवलं तर खालच्याला २. आणि गुणांचा हिशेब काहीही असो, एकानं थाप मारली की लढत तिथल्या तिथे संपली. तेव्हा मामेभावानं लबाडी केली नाही, बरं का. दोघं दोन वेगळे खेळ खेळत होते, एवढंच.

ही विद्या मूळची जपानची. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. तिथं तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडे शिकलेला कार्लोस ग्रेसी आणि त्याचा धाकटा भाऊ हेलियो यांनी पुढे तिचा नवा अवतार घडवला. हेलियो अंगानं किरकोळ. दांडगटाला उचलून आपटणं त्याच्या कुवतीबाहेरचं. म्हणून त्यानं ताकदीपेक्षा तरफेवर भर दिला. शेतातला मोठा धोंडा आपण हातानं उचलत नाही. पहार घालतो, तिच्याखाली लहान दगड ठेवतो आणि दुसरं टोक दाबतो. मामेभावानं नेमकं तेच केलं. तुझा हात ही पहार, त्याची कंबर हा खालचा दगड. कोपर म्हणजे दाराची बिजागरी. एका बाजूला छान वळते, दुसऱ्या बाजूला वळवली की मोडते.

कुस्तीगीर पोरानं ज्युजित्सू शिकायला घेतली तर पाडापाडीत तो पहिल्या दिवसापासून पुढे असतो. एकलंगी, ढाक तिथंही चालतात. त्याला नडते ती त्याची चांगलीच सवय! पाठ टेकू द्यायची नाही हे हाडीमाशी खिळलेलं, म्हणून खाली येताच तो चटकन पालथा होतो आणि जमीन घट्ट धरून बसतो. मातीत हा बचाव शहाणपणाचा. इथं मात्र वरचा पाठीवर स्वार होतो, ४ गुण घेतो आणि मान आवळायला हात पुढे सरकवतो. जुनी सवय मोडायला नवी लावण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढलेले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅट त्यांना नवीन होती, आंतरराष्ट्रीय नियमही. सहावे आले. आणखी चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला, त्यांनी ब्राँझपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

आता थापेचं. इथं मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे, दोस्ता.

२३ ऑक्टोबर १९५१. रिओ शहरातलं माराकाना स्टेडियम. एका बाजूला ३८ वर्षांचा हेलियो, दुसऱ्या बाजूला जपानचा नामांकित ज्युदोवीर मासाहिको किमुरा, त्याच्याहून कितीतरी भारी. किमुरानं हेलियोचा हात मागे पिळला. हात मोडला, तरी हेलियोनं थाप मारली नाही. किमुरा पीळ वाढवतच होता. तेव्हा कडेला उभ्या असलेल्या थोरल्या भावानं, कार्लोसनं, टॉवेल आत फेकला आणि हार कबूल केली. ब्राझीलच्या लोकांनी त्या पकडीला नाव दिलं 'किमुरा'. ज्यानं हरवलं त्याचंच नाव! आजही जगभर ती पकड याच नावानं शिकवतात.

गोष्ट ऐकली की हेलियोसाठी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मला विचाराल तर मी कार्लोससाठी वाजवीन. हेलियोला निदान भर स्टेडियमची लाज होती. तुझ्या खळ्यावर कोण होतं रे? दोन-चार पोरं आणि तणस.

ज्युजित्सूच्या वर्गात एका संध्याकाळी एकेकजण पाच-दहा वेळा थाप मारतो, गुरुजीसुद्धा मारतात. थाप मारली, सुटलो, पुन्हा हात मिळवला आणि पुढची लढत. थाप नसती तर हे डाव पूर्ण ताकदीनं घोटताच आले नसते; रोज एकाचा हात गळ्यात बांधावा लागला असता. मानेच्या पकडीत दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. गुडघ्याच्या काही पिळांत तर दुखायच्या आधीच इजा होते. म्हणून 'सोसेल तोवर सोसू' हा हिशेब इथं चालत नाही. थाप स्पष्ट मारायची, समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर, दोन-तीनदा. हात अडकले असतील तर पायानं. तेही जमत नसेल तर तोंडानं सांगायचं. स्पर्धेत वेदनेनं ओरडलं तरी हार धरतात, आणि धोका दिसला तर पंच स्वतःच लढत थांबवतात.

चूक मामेभावाचीही आहे, हे त्याला दाखव. ज्याला थापेची सवयच नाही त्याच्यावर सांधा ताणायचा नसतो. पकड बसली की थांबायचं आणि सोडायचं. मानेचे आणि सांध्यांचे डाव शिक्षक समोर नसताना खळ्यावर नकोतच, दोघांनाही बजावतो.

पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पुन्हा आला तर एक खेळ करा. जाड तणस पसरा, तू उताणा पड, त्याला गुडघ्यांच्या मध्ये घे. कोपर नाही, मान नाही. त्यानं तुझे पाय ओलांडायचे, तू त्याला उलथवायचं. दहा डाव. मग जागा बदला. पहिल्या पाच डावांत तू पालथा होशील, लिहून ठेव. सहाव्यात काय झालं ते मला पत्रानं कळव.