तळ्याकाठची थंडी

लोणावळा म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून धावणारे पाणी, गरम भजी आणि घाटात अडकलेल्या गाड्या. मला विचाराल तर मावळ पाहावा तो पौषात. धरणे भरलेली असतात, आभाळ निवळलेले असते, तुंग आणि तिकोना कोरून काढल्यासारखे दिसतात. आणि एखाद्या वर्षी थंडी खरोखरच हाडात शिरते.

अशा वर्षी वर्तमानपत्रांत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचे छायाचित्र हमखास येते. गवतावर पांढरा थर आणि वर मथळा, बर्फ पडल्याचा. पडत काहीच नाही. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडून देते, गार झालेली जड हवा उतारावरून खोलगटात साचते आणि गवतावरचे दहिवर जागच्या जागी गोठते. आपल्या नशिबी बर्फ एवढाच. तरी पुण्याने १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांची, तर मुंबईने २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची थंडी सोसली आहे.

अशाच एका कडाक्यात आम्ही उभयता पवना जलाशयाकाठी दोन रात्री राहिलो. पहाटे पाण्यावरून वाफा निघत होत्या, कारण पाणी हवेपेक्षा उबदार होते. शेजारच्या तंबूंतली मुले रात्रभर कर्णा लावून ‘मिनी काश्मीर’ साजरे करत होती. आम्ही गावात शिरलो. एका आजीबाईंनी चुलीपुढे बसवून चहा दिला आणि तंबूचे भाडे ऐकून त्या हसतच सुटल्या. ‘‘थंडी वाजावी म्हणून पैसं देता व्हय, बाई?’’ त्यांनी माझ्या पत्नीला विचारले. त्यांच्या घरात पांघरूण म्हणून दोन घोंगड्या होत्या आणि माणसे पाच.

हे पाणी आले कोठून? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण झाले आणि गावे व भातखाचरे पाण्याखाली गेली. या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढले. धरणग्रस्त मात्र पुनर्वसनासाठी पुढे कित्येक दशके मोर्चे काढत राहिले. हेच पाणी बंद जलवाहिनीतून शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांची कथा त्याहून जुनी. १९१५ पासून त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला जाते आणि मुंबईसाठी वीज करते. एरवी ते इंद्रायणीतून पूर्वेकडे गेले असते.

बँकेत असताना पीककर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. अर्जाबरोबर सातबारा हवा, हा नियम. एका वयस्क शेतकऱ्याने टोपी काढून सांगितले होते, ‘‘साहेब, माझा सातबारा पाण्याखाली आहे.’’ त्या उत्तरासाठी आमच्या छापील फॉर्मात रकाना नव्हता. त्या गृहस्थांनी कागद नीट घडी करून पिशवीत ठेवले आणि पाणी मागून घेतले. मी आजवर इतकी पात्रे लिहिली, पण या माणसाला कादंबरीत घालायचे धाडस मला झालेले नाही.

म्हणून तिकडे जाऊच नये असे मी मुळीच म्हणत नाही. मुलांना अवश्य न्या. पण काश्मीर शोधायला नको, मावळच दाखवा. तंबू घ्याल तो गावातल्या माणसाचा घ्या आणि येताना इंद्रायणी तांदूळ त्याच्याच घरातून आणा. रात्री कर्णा बंद ठेवला तर कोल्हेकुई ऐकू येते, ती फुकट असते.

धरणाच्या पोटात वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. हिवाळ्यात ते दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते आणि आसपासची माणसे चिखल वाळायची वाट पाहून दर्शनाला जातात.