पानिपतची रसद

मराठीत पानिपत हे गावाचे नाव कमी आणि पराभवाला दिलेले नाव जास्त आहे. निवडणुकीत उमेदवार आपटला की त्याचे पानिपत होते, क्रिकेटचा संघ शंभरात गुंडाळला गेला की त्याचेही होते. त्यामुळे दिल्लीला आलेला मराठी माणूस एखाद्या रविवारी जीटी रोडने तिकडे जातो, काला आंबच्या स्मारकापुढे डोके टेकवतो, जड मनाने फोटो काढतो आणि मुरथलला पराठे खाऊन परततो. शहरात तो शिरतच नाही. मला वाटते, यात आपलेच नुकसान आहे. दिल्लीपासून साधारण 90 किलोमीटरवरचे, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे हे शहर आज पोट कशावर भरते, हे आपण पाहायला हवे. पेन्शनच्या उंबरठ्यावर असलेल्या फौजीने तर नक्कीच.

फौजीने का, ते सांगतो. दिल्लीच्या या पोस्टिंगमध्ये मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न सीमेबद्दलचा नाही. तो असा आहे: "साहेब, पुढच्या वर्षी पेन्शन येतोय. पानिपतच्या बाजूला एक प्लॉट बघितलाय. घेऊ का?" विचारणारा हवालदार चाळिशीचा असतो. कम्युटेशन, ग्रॅच्युइटी, फंड आणि ग्रुप इन्शुरन्स मिळून त्याच्या हातात एकरकमी पैसा येणार असतो, आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचा. मुले शाळेत असतात. आणि मोबाइलवर रंगीत ब्रोशर आलेले असते: नवा कॉरिडॉर, उद्याचे गुरुग्राम, तीन वर्षांत दुप्पट.

माझे उत्तर ठरलेले आहे. ब्रोशरमधला रस्ता बघू नकोस, शहराची रसद बघ.

ही नजर मला पानिपतच्याच लढाईने दिली. खडकवासल्याला आणि पुढेही आम्ही ती लढाई शिकलो ती तोफा आणि घोडदळापुरती नाही. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि भाऊसाहेबांची फौज व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. डिसेंबरमध्ये अंतर्वेदीतून रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. 14 जानेवारी 1761 ला आपले लोक छावणीबाहेर पडले ते उपाशी पोटाने. आघाडी शेवटच्या दिवशी मोडली, पण पिछाडी आधीच तुटली होती. शहराचेही असेच असते. हायवेवरचे शोरूम आणि उंच इमारती ही आघाडी. कामाचे हात, कच्चा माल, पाणी आणि बाजार ही रसद.

पहिली गोष्ट हातांची. 1947 च्या फाळणीत पानिपतचे बहुतेक मुसलमान पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून निर्वासित आले. त्यांच्यात विणकर होते. घर, शेत, दुकान मागे राहिले. माग चालवायचे कसब सोबत आले. त्यावर खेस, दऱ्या, सतरंज्या आणि कांबळी उभी राहिली. इथली पंजा दरी प्रसिद्ध आहे. पंजाच्या आकाराच्या लोखंडी फणीने बाणा ठोकत ती विणतात. फौजेत ज्याने नोकरी केली, त्याने बराकीतले राखाडी कांबळे पांघरले आहे. त्या कांबळ्यांचा मोठा पुरवठादार हेच शहर. म्हणजे आपल्यापैकी अनेकजण पानिपतला न जाता पानिपतच्या उबेत झोपले आहेत.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. अमेरिका-युरोपातले लोक दानपेटीत टाकतात ते जुने कपडे जहाजाने कांडला बंदरात उतरतात आणि गाठींच्या गाठी पानिपतला येतात. जे कपडे पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून कापून आणायचे असतात, त्यांच्या चिंध्यांवर इथला धंदा चालतो. बरसत रोडच्या बाजूला गोदामांत बायका चेन, बटणे आणि लेबले कापून काढतात आणि ढीग रंगवार लावतात. लाल स्वेटर लाल ढिगात, निळे निळ्यात. मग यंत्र ते फाडून त्याचे तंतू करते आणि तंतूंचे सूत निघते. ढीग आधीच रंगवार लावल्याने या सुताला पुन्हा रंगवावे लागत नाही. रंग वाचतो, पाणीही वाचते. भूकंपात, पुरात जगभर वाटली जाणारी स्वस्त कांबळी बरीच वर्षे या सुताची होती. दुसऱ्याने टाकलेल्या मालावर असा उद्योग उभारणारे शहर मी हलके मानत नाही.

तिसरी गोष्ट सरकारी भांडवलाची. इंडियन ऑइलची रिफायनरी इथे 1998 मध्ये सुरू झाली. तिची क्षमता वर्षाला 15 दशलक्ष टन झाली आणि ती 25 पर्यंत नेण्याचे काम हाती घेतले गेले. शेजारी 2010 पासून नाफ्था क्रॅकर आहे. ऑगस्ट 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून दिवसाला 100 किलोलिटर इथेनॉल काढण्याचा प्रकल्प तिथे सुरू झाला. जो पेंढा जाळल्याने दिल्लीचा श्वास कोंडतो, त्यातला वर्षाला सुमारे दोन लाख टन तिथे वापरण्याची योजना आहे. याच संकुलात पीटीए आणि एमईजी हे पॉलिएस्टरचे दोन्ही मूळ पदार्थ बनतात, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत पानिपतची बाजारपेठ चिंध्यांच्या कांबळ्याकडून पॉलिएस्टरच्या मऊ मिंक कांबळ्याकडे वळली आहे. एकाच जिल्ह्यात मूळ पदार्थही आहे आणि गिऱ्हाईकही. गुंतवणुकीची खरी जागा शोधायची तर मी या दोघांच्या मधल्या कामांत शोधेन: सूत, यंत्रांचे सुटे भाग, दुरुस्ती, तपासणी, वाहतूक.

इथवर चित्र चांगले आहे. आता ज्या वाटा तुटू शकतात, त्या पाहू.

बाजाराची वाट एका निर्णयाने अडली. पानिपतच्या सतरंज्या, गालिचे, पडदे आणि चादरींचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट 2025 मध्ये तिथे भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लागले आणि इथल्या निर्यातदारांच्या ऑर्डरी अडकल्या. सगळी अंडी एका टोपलीत ठेवणाऱ्या शहराचे काय होते, ते दिसले.

पाण्याचे दुखणे जुने आहे. हरयाणात दरवर्षी जमिनीत मुरते त्यापेक्षा जास्त पाणी उपसले जाते. चिंध्यांचे सूत पाणी वाचवते, पण रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने ते बोअरमधून ओढतात. सेक्टर 29 मध्ये सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तरीही हिवाळ्यात यमुनेत अमोनिया वाढला की दिल्लीच्या जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन घटते आणि दिल्ली बोट दाखवते ती पानिपतच्या नाल्याकडे. हवेचेही तसेच. राजधानी क्षेत्रात 1 जानेवारी 2023 पासून उद्योगांना कोळसा बंद झाला. बॉयलर गॅसवर किंवा बायोमासवर न्यावे लागले. लहान कारखानदाराचा हिशेब त्याने बिघडला. "एनसीआरमध्ये" हा शब्द ब्रोशरवर सोन्याच्या अक्षरात छापतात. कारखानदाराला त्याच शब्दाची किंमत मोजावी लागते.

आणि हात. आज माग आणि फाडयंत्रे चालवतात ते मुख्यतः उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले मजूर. मजुरी नगावर आणि तंतूंची धूळ छातीत. 2020 च्या टाळेबंदीत हे लोक याच जीटी रोडने चालत निघाले होते. ज्या शहराने आपल्या कामगाराला राहायला धड खोली दिली नाही, त्याची पिछाडी मी मजबूत मानणार नाही.

आता हवालदाराच्या प्लॉटकडे येतो. त्याने भरलेल्या पैशातून पानिपतमध्ये एक माग वाढत नाही, एक नोकरी तयार होत नाही. पैसा शेतकऱ्याकडून दलालाकडे आणि दलालाकडून दुसऱ्या दलालाकडे फिरतो. वर धोका आहेच. हरयाणात 1975 च्या कायद्यानुसार शेतजमिनीवर कॉलनी पाडायला नगर नियोजन खात्याचा परवाना लागतो. तो नसेल तर एके दिवशी जेसीबी येतो. इथे त्याला 'पीला पंजा' म्हणतात. दिल्ली-मेरठ मार्गावर 2023 मध्ये नमो भारत गाडी धावू लागली, तेव्हापासून दिल्ली-पानिपत-कर्नाल मार्गाच्या नावावरही जमिनी विकल्या जातात. तो मार्ग व्हायला हवा, पण रूळ पडण्याआधीच त्याचा भाव देऊन बसणे मला पटत नाही.

"साहेब, पण जमीन बुडत नाही," असे मला सांगितले जाते. खरे आहे, जमीन जागेवर राहते. पण चाळिशीच्या माणसाला तीस-चाळीस वर्षे काढायची आहेत आणि प्लॉट मुलीच्या कॉलेजची फी भरत नाही. विकायला गेल्यावर गिऱ्हाईक नसेल, तर सातशे मैलांवरून त्याची राखण करणे हाच नवा ड्यूटी रोस्टर होतो.

मग पैसा घालायचा कुठे? मी आधी आपल्या घराकडे बघायला सांगतो. सोलापूरची चादर घ्या. तिला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2011 च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचे होते, पानिपत त्याच्या निम्मेही नव्हते. तरी बाजारात 'सोलापुरी' म्हणून खपणारी स्वस्त चादर पुष्कळदा पानिपतची असते, अशी सोलापूरच्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. तक्रार रास्त आहे, पण तेवढ्याने भागत नाही. पानिपत पडेल त्या मालातून, पडेल त्या भावात कांबळे काढायला शिकले; लोकर गेली तर चिंधी, चिंधी मागे पडली तर पॉलिएस्टर. सोलापूरकडे नाव आहे, पिढीजात विणकर आहेत, टॉवेलचा धंदा आहे. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते, हीच तिथली तुटलेली रसद. ती जोडली गेली, तर पानिपतशी टक्कर द्यायला सोलापूरला काही कमी नाही.

आपल्या गावाजवळच्या अशा एखाद्या शहरात फौजी माणसाला वाव आहे. सतरा-अठरा वर्षे त्याने गाड्या सांभाळल्या, स्टोअर चालवले, रजिस्टर बिनचूक ठेवले, माणसे हाताळली. कारखान्यांच्या गावात नेमके हेच लोक कमी पडतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत माजी सैनिक विशेष गटात येतो: स्वतःचे पाच टक्के घालायचे आणि अनुदान शहरात 25, खेड्यात 35 टक्के. ही वाट प्रत्येकासाठी नाही. ज्याला धंदा जमणार नाही त्याने पैसा बँकेत ठेवून नोकरी धरावी, त्यात कमीपणा नाही. पण ज्याला करायचे आहे, त्याने पैसे घालण्यापूर्वी त्या शहरात महिनाभर राहावे. पाणी किती दिवसांनी येते, कामगार कुठे झोपतो, माल कुठे जातो आणि उधारी किती दिवसांनी सुटते, एवढे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे वहीत लिहून बायकोला दाखवावीत. ब्रोशर तिला आधी दाखवू नये.

पुढच्या वेळी काला आंबला जाल, तेव्हा दोन तास जास्त काढा. स्मारकाला नमस्कार झाला की शहरात वळा, बरसत रोडवरचे एखादे गोदाम आतून बघा आणि तिथल्या माणसाला धंद्याचे विचारा. तो बोलतो, चहाही पाजतो. मराठा आहोत म्हटल्यावर तर जरा जास्तच.

जय हिंद.