फॉरमॅट मारू का?

"काका, डेटा उडालाय. फॉरमॅट मारू का?"

दुकानातल्या पोराचा हात माउसवर होता आणि माझे वडील "तू म्हणशील तसं" म्हणायच्या बेतात होते. मी बाहेर गाडी लावत होतो. जागा मिळायला अजून दोन मिनिटं लागली असती, तर आमच्या तालुक्यातली पंचवीस वर्षांची लग्नं एका क्लिकमध्ये पुसली गेली असती.

वडील लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. आधी व्हीएचएस, मग मिनीडीव्ही. धंदा थांबवल्यावर त्यांनी एकेक कॅसेट चालवून कॉम्प्युटरवर उतरवली, ३ टीबीच्या एका एक्स्टर्नल डिस्कवर. आमची आजी चालताना-बोलताना दिसते ती फक्त तिथेच. गावातले लोक अजून दारात येतात आणि विचारतात, "आमच्या आईचा आवाज सापडेल का हो त्यात?"

त्या डिस्कच्या डब्याचं यूएसबी पोर्ट तुटलं. पोराने डिस्क बाहेर काढली, केबलने थेट बोर्डाला लावली, आणि विंडोजने नेहमीचा प्रश्न विचारला: फॉरमॅट करायची का?

डेटा जागच्या जागी होता. झालं होतं इतकंच, की जुन्या एक्सपीलाही २ टीबीच्या वरची डिस्क वापरता यावी म्हणून त्या काळातले बरेच डबे एक युक्ती करत. आतली डिस्क ५१२ बाइटचा एक सेक्टर मोजायची, आणि डबा कॉम्प्युटरला सांगायचा की सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. म्हणजे आठ पानं मिळून एक पान धरायचं आणि अनुक्रमणिका त्या हिशोबाने लिहायची. डबा गेला की वाचणारा पुन्हा एकेक पान मोजू लागतो, चुकीच्या पानावर पोहोचतो आणि म्हणतो, पुस्तक कोरं आहे. मी घरी येऊन पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली आणि आठाला एक मोजायला सांगितलं. सगळे फोल्डर समोर आले. वडील काही बोलले नाहीत, उठून चहा टाकायला गेले.

माझा राग त्या पोरावर नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. राग आहे तो दुकानातून निघताना ऐकलेल्या दुसऱ्या वाक्यावर: "तुमचा बोर्ड २००९चा आहे काका, मोठी डिस्क उचलत नाही. नवीन मशीन घ्या." हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ते बहुतेक वेळा खोटं असतं.

अडचण कुठे असते ते बघा. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये ६४ बाइटचा एक तक्ता असतो. त्यात चार ओळी, म्हणजे चार पार्टिशनं. प्रत्येकाची सुरुवात आणि लांबी लिहायला ३२-३२ बिटांची जागा. ३२ बिटांत जास्तीत जास्त जेवढे सेक्टर मोजता येतात, त्यांना ५१२ने गुणलं की सुमारे २.२ टीबी होतात. हा तक्ता १९८३चा, आयबीएमच्या ज्या पीसीत १० एमबीची डिस्क होती त्या काळातला. ज्याने तो आखला त्याने हाताशी असलेल्या डिस्कच्या दोन लाख पट जागा सोडून ठेवली होती. त्याला हसू नका. (आपण घर बांधताना पुढच्या गाडीचीही जागा सोडत नाही.)

मोजणारा ३२ बिटांतच अडकलेला असेल, तर मीटर ९९९९९वरून पुन्हा शून्यावर येणाऱ्या जुन्या स्कूटरसारखं होतं. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसते. पुष्कळांनी तो आकडा पाहिला आणि डिस्क खराब म्हणून परत केली.

यावरचा उपाय जुना आहे. जीपीटी नावाचा नवा तक्ता आकडे ६४ बिटांत लिहितो. आता मुद्द्याचं: जुन्या बोर्डाच्या बायोसला तक्ता कळतच नाही. तो पहिले ५१२ बाइट वाचतो, तिथला इवलासा प्रोग्राम चालवतो आणि बाजूला होतो. पुढचं सगळं ऑपरेटिंग सिस्टिमचं काम. मायक्रोसॉफ्टने ठरवलं की जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करायचं तर बोर्ड यूईएफआयवालाच हवा. लिनक्सचा ग्रब त्याच जुन्या बायोसवर, त्याच डिस्कवरून निमूट सुरू होतो. बोर्ड तोच, डिस्क तीच. मग 'उचलत नाही' ते नक्की कोण?

मी ४ टीबीची नवी डिस्क आणली आणि त्याच २००९च्या मशीनमध्ये डेबियन टाकलं. सुरुवातीला १ एमबीचं पार्टिशन सोडायचं, त्यावर फक्त 'बायोस बूट' अशी खूण, ग्रब तिथे बसतो. मी पहिल्यांदा ते विसरलो आणि अर्धी रात्र गेली. त्याच्या मागे १ जीबीचं बूट पार्टिशन, कारण काही जुन्या बायोसना डिस्कच्या लांबच्या टोकाचं वाचता येत नाही, सुरू होण्यापुरत्या फायली दाराजवळच हव्यात. मग बाकी सगळं. विंडोजच हवं असेल त्यांनी ते छोट्या एसएसडीवर टाकावं आणि मोठी डिस्क जीपीटी करून फक्त साठवणीला जोडावी. तेही चालतं. दुकानात हे सांगायला दोन मिनिटं लागली असती.

मान्य आहे, जुनं मशीन वीज जास्त खातं आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडले की धापा टाकतं. प्रत्येक डबा जपा असं माझं म्हणणं नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० हवं, म्हणून सोसायटीच्या भंगारात चालते कॉम्प्युटर दिसू लागले, ते मला सहन होत नाही. कंपनीने सुरक्षेसाठी अट घालावी, तिचा हक्क आहे. 'आम्ही तुमच्यासाठी बनवत नाही' असं तिने म्हणावं. त्याचा अर्थ 'तुमचं मशीन मेलं' असा दुकानदाराने लावायचा आणि आपण मान डोलवायची, हे कसं काय?

आणि तुम्ही, हे फोनवर वाचणारे. तुमचे फोटो या क्षणी कुठे आहेत? 'क्लाउडवर' म्हणजे कुणाच्या डिस्कवर, आणि महिन्याचं भाडं चुकलं तर काय होतं? मला माझ्या फोनबद्दल याचं धड उत्तर देता आलं नाही, म्हणून विचारतोय. लिनक्सवाल्या मित्रांशीही माझं भांडण आहे. तुम्ही हे सगळं जाणता आणि विचारणाऱ्याला 'आधी वाचून ये' म्हणून हाकलता. माझ्या वडिलांनी काय वाचायचं होतं?

मशीन आता टीव्हीशेजारी आहे. डेटाची दुसरी प्रत मामाकडे ठेवली आहे. परवा एक गृहस्थ १९९६च्या बहिणीच्या लग्नासाठी पेन ड्राइव्ह घेऊन आले होते. यूएसबी जुनंच, कॉपी व्हायला वेळ लागतो. तोवर वडिलांनी त्यांना वरातीतला घोडा कसा बिथरला होता ते सांगितलं.